तिघींचा मसाला उद्योग: कंपनी कशाला, नोंदणीकृत भागीदारी करा

समुद्रपूरकर
आमच्या तालुक्यात वायगावची हळद घरोघरी. गावातल्या तिघीजणी, त्यात माझी वहिनी, तिची मोठी जाऊ आणि शेजारीण, हळद, तिखट आणि काळा मसाला करून हिंगणघाट-वर्ध्याच्या दुकानांत देतात. आता मोठा पल्वरायझर, म्हणजे मसाला दळायचं यंत्र, घ्यायचा आहे, म्हणजे कर्ज आलं, आणि बँकेनं पहिलाच प्रश्न विचारला: अर्जदार कोण? प्रकल्प अहवाल करून देणाऱ्या एका एजंटनं ‘प्रायव्हेट लिमिटेड काढा, सबसिडी पटकन बसते’ असं यांच्या डोक्यात भरवलंय.

माझं स्पष्ट मत: हे खूळ आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलंय. एकटा मालक असो, भागीदारी असो की कंपनी, टक्का तोच. मग दरवर्षी ऑडिट, आरओसीचे (कंपनी निबंधकाचे) फॉर्म, उशीर झाला की फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड हे सगळं कशासाठी? आणि अर्ज भरून द्यायला योजनेतच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेत, त्यांचं मानधन सरकार देतं. एजंटची गरजच काय?

भागीदारीचा करारनामा लिहा, फर्मची नोंदणी करा, कामाला लागा. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

वहीखाते_वर्धा
कंपनी नको इथपर्यंत मान्य. पण भागीदारीतली जबाबदारी अमर्याद असते हे तुम्ही सोयीनं गाळलंत. एका भागीदारणीनं फर्मच्या नावावर मिरची उधार आणली आणि पैसे थकले, तर व्यापारी तिघींपैकी कोणाच्याही घरावर येऊ शकतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यात तसंच आहे. २००८ च्या कायद्यानं एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आली ती यासाठीच. उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्याशिवाय एलएलपी कायद्याखाली ऑडिटही नाही. तुम्ही एजंटवर चिडलात आणि रागाच्या भरात मधला रस्ता सोडला.

समुद्रपूरकर
दादा, मर्यादित जबाबदारी कागदावर छान दिसते. बँक कर्ज देताना वैयक्तिक हमीवर सही घेणारच, मग कर्जापुरती ती मर्यादा कुठे राहिली? तिखटात भेसळ निघाली, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६६ कंपनी आणि फर्म दोन्हींना लागतं, जबाबदार माणूस सुटत नाही. शिवाय छोट्या फर्मला उलाढालीच्या ठराविक टक्क्यानं धरलेल्या अंदाजित नफ्यावर कर भरायची सवलत आहे, ती एलएलपीला नाही. धंदा झाला नाही तरी एलएलपीला दरवर्षी फॉर्म ८ (हिशेब) आणि फॉर्म ११ (वार्षिक विवरण) भरावेच लागतात. गावात बसून हे कोण करणार?

वहीखाते_वर्धा
हमी बँकेपुरती, व्यापाऱ्यांच्या उधारीला ती लागू नाही. आणि मसाल्याच्या धंद्यात खरी रक्कम उधारीतच अडकते. मिरची उतरते तेव्हा वर्षभराचा माल एकदम भरावा लागतो.

अंदाजित नफ्याचं म्हणाल, तर ती सवलत घेतली की भागीदारांचा पगार वेगळा वजा होत नाही आणि उरलेल्यावर सरळ ३० टक्के. त्यापेक्षा हिशेब नीट ठेवा. समजा वर्षाचा नफा साडेचार लाख. करारात लिहिलं असेल, तर काम करणाऱ्या भागीदारांना त्यातले ४ लाख ५ हजारांपर्यंत पगार म्हणून देता येतात आणि कर उरलेल्या ४५ हजारांवर बसतो. वर्षाला २० हजारांच्या वर पगार गेला की टीडीएस कापावा लागतो, तेवढं सांभाळा. हे फर्मलाही जमतं, एलएलपीलाही.

मिरचीचं_देठ (दर्यापूर)
कायले एवढं डोस्कं खपवता भाऊ? एकीच्या नावानं करा न. उद्यम नोंदणी, म्हंजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकटात निघते, फूड लायसन एकीच्याच आधारावर भेटते, नफा बारा लाखाच्या आत असंन तं नव्या पद्धतीत टॅक्सबी शून्य. बाकीच्या दोघीईले मयन्याले पगार द्या. तिघी मालकिनी झाल्या का रोज पंचायत. बँकेत सहीले तिघी, पल्वरायझरचा पट्टा तुटला का फोन तिघीईले!

वडगावची_सून
ताई, पगार द्या म्हणणं सोपं आहे हो. इथं कोणाचं काय आहे ते बघा. धणे किती भाजायचे, दगडफूल कधी टाकायचं हे थोरल्या जावेलाच कळतं, रंग बघून कढई उतरवते ती. दुकानदार सगळे शेजारणीच्या ओळखीचे. वहिनीचं नाव कागदावर घातलं, तर पाच वर्षांनी ब्रँड वहिनीचा, बाकी दोघी मजूर. आमच्या गावात पापडाचं असंच झालं, आता त्या बायका एका विहिरीवर पाणीसुद्धा भरत नाहीत.

मी म्हणते बचत गटातूनच करा. त्याच योजनेत गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं, खेळत्या भांडवलाला तेवढंही पुरतं.

समुद्रपूरकर
वडगावच्या ताई, पहिलं शंभर टक्के पटलं. गटाचं नाही पटलं. गटात दहा-बारा बाया, राबणार तिघी, नफा वाटताना सगळ्या. बैठकीत रोज तोच विषय.

संत्राबाग_वरुड
शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार? मी एकीचा संचालक आहे.

वहीखाते_वर्धा
किमान दहा उत्पादक लागतात, पाच संचालक लागतात, आणि शेअर कितीही असोत, एका सभासदाला एक मत. शंभर शेतकऱ्यांची हळद एकत्र विकायला उत्तम. तिघींच्या पल्वरायझरला नाही.

संत्राबाग_वरुड
बरोबर. विषय सोडला.

वडगावची_सून
मग भागीदारीच करायची असेल, तर करारात मरण लिहा. अभद्र वाटेल, पण लिहा.

समुद्रपूरकर
अगदी. करारात वेगळं काही नसेल, तर एक भागीदार गेला की फर्म मोडते, भागीदारी कायद्याचं कलम ४२. तिघींपैकी एक गेली तर उरलेल्या दोघी फर्म चालवतील, तिच्या वारसाला हिस्स्याचे पैसे हप्त्यानं देतील, असं कलम हवं. कोणी सोडून गेली तर ‘मसाल्याचं नाव फर्मचं, तिचं नाही’ हेही हवं. ट्रेडमार्क फर्मच्याच नावानं काढा. उद्यम नोंदणी असली, तर ऑनलाइन अर्जाचे ९ हजारांऐवजी साडेचार हजार लागतात.

आणि नोंदणी टाळू नका. नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीदार दुकानदारावर कराराच्या आधारे दावा लावता येत नाही, त्याच कायद्याचं कलम ६९. वहीखाते दादांची उधारीची भीती खरी मानली, तर हीच पहिली ढाल.

वहीखाते_वर्धा
ती ढाल येणं वसूल करायला. देणं अंगावर आलं तर काय? त्याला माझं उत्तर अजूनही एलएलपी. ते असो. एक व्यवहाराचं सांगतो, कारण यात लोक हमखास फसतात. आधी एकीच्या नावानं फूड लायसन काढायचं, पाऊच छापायचं सिलिंडर बनवायचं, मग फर्म करायची, असं करू नका. फर्म झाली की पॅन नवा, लायसन नवं, पाऊचवर छापायचा त्याचा १४ आकडी क्रमांक नवा. छापलेल्या पाऊचचा गठ्ठा तसाच पडून राहतो. पहिलं वर्ष साध्या पाऊचवर स्टिकर लावा.

मिरचीचं_देठ (दर्यापूर)
स्टिकरचं बराबर हाये. पन मशीन कुठी बसवता? शेड कोनाच्या जागेवर?

समुद्रपूरकर
वहिनीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्याच वडिलांच्या. गावठाणात, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर त्यांचं नाव. फर्मशी भाडेकरार करावा लागेल. ते तयार आहेत, पण भाडं घ्यायला लाजतात.

वडगावची_सून
लाजू देऊ नका. महिन्याला ठराविक रक्कम लिहा आणि बँकेतूनच द्या. फुकट दिलेल्या जागेवर पुढं ‘जागा आमची, मशीनही आमचं’ म्हणायला मुलं मोकळी. तुम्हीसुद्धा त्यातलेच एक, बरं का!

मिरचीचं_देठ (दर्यापूर)
सासऱ्याचं होऊन जाईन. पहिले शेजारनीच्या नवऱ्याले इचारा, बायकोची सही कर्जाच्या कागदावर चालते का त्याले. थो नाई म्हनला तं तुमची भागीदारी जावाजावाईचीच राहीन, अन् दुकानदार तं सारे तिच्याच वळखीचे.

समुद्रपूरकर
विचारलंय. तो म्हणतो, आधी करारनामा वाचायला द्या.