तांबी बसवायला नवऱ्याची सही कशाला?

खानापूरची सून:
धाकट्या जावेचं दुसरं बाळंतपण होऊन ४ महिने झाले. बाळाला वरचं दूध सुरू, म्हणजे अंगावर पाजण्याचा भरवसाही उरला नाही. तांबी (कॉपर-टी) बसवायला सरकारी दवाखान्यात गेली, तर "मालकांना घेऊन या, सही लागते." मालक गोव्यात कामाला, येणार ते गणपतीला! तोवर दिवस गेले तर? असा कायदाच नाही. तांबी असो वा दिवस न राहण्याचं अंतरा इंजेक्शन, बाईची स्वतःची संमती पुरते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातसुद्धा १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची परवानगी लागत नाही.

चिक्कोडीकर:
वहिनी, मला हे पटत नाही. संसार दोघांचा. तांबीनं सुरुवातीला अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं. रात्री-अपरात्री दवाखान्यात नवराच नेणार ना? सिस्टरची बाजूही बघा की. मागनं घरची माणसं येऊन तिच्याच अंगावर धावतात.

निपाणी:
सिस्टरला संरक्षण द्या, पण त्यासाठी बाईला परत पाठवू नका. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बायकांना दर हजार विड्यांमागं मजुरी मिळते. दवाखान्यात गेलेला दिवस बुडाला, वर "परत या". कोण परत येतंय? पुढच्या वेळी येते ती दिवस राहिल्यावरच.

चिक्कोडीकर:
मजुरीचं खरं आहे. तरी नवऱ्याला अंधारात ठेवून घेतलेला निर्णय घर मोडतो, यावर मी ठाम आहे.

खानापूरची सून:
अंधारात ठेवा असं कुठं म्हटलं मी? जावेनं फोनवर सांगितलंय त्यांना. सांगणं वेगळं, सहीवाचून अडवणं वेगळं. आणि दोघांचा संसार म्हणता, तर बिनटाक्याच्या नसबंदीला किती पुरुष जातात? त्याच दिवशी घरी येता येतं.

चिक्कोडीकर:
मी केलीय. पुढचे ३ महिने निरोधही वापरला, डॉक्टरांनी सांगितलं तसा. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, म्हणूनच एवढं बोलतोय.

खानापूरची सून:
मग तुमच्या घरी सहीवाचून काही अडलंच नसतं, भाऊ. अडतं ते जिथं नवरा ऐकतच नाही तिथं. ज्या बाईला तांबीची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच या सहीमुळं परत जाते.

चिक्कोडीकर:
हं. अशा घरांचा विचार करायला हवा. पण सरसकट सगळ्यांना? अजून पटलं नाही.

खानापूरची सून:
सोमवारी जावेबरोबर मी जाणार. कुठल्या नियमानं सही मागता, ते लेखी द्या म्हणणार.

वडगाव, बेळगाव:
ताई, अर्ज कन्नडमध्ये न्या, म्हणजे भाषेवरून टोलवणार नाहीत. मजकूर पाठवा, मी आज रात्री लिहून देते.