फॉप, मॅकरोनी, डँडी : या शब्दांत नेमका फरक काय?

प्रश्न
जुनी इंग्रजी नाटके आणि कादंबऱ्या वाचताना नटव्या, आत्मप्रौढ पुरुषांसाठी फॉप, कॉक्सकोम, मॅकरोनी, डँडी, पॉपिंजे असे अनेक शब्द भेटतात. शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘छानछोकी करणारा’ एवढाच अर्थ सापडतो. पण लेखक हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरत असतील, असे वाटत नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. कॉक्सकोम म्हणजे मुळात विदूषकाच्या टोपीवरचा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा तुरा. त्यामुळे त्यात पोशाखापेक्षा पोकळ घमेंडीवर रोख अधिक आहे. फॉपचाही जुना अर्थ मूर्ख असाच होता आणि सतराव्या शतकात तो कपड्यांत व शिष्टाचारांत रमलेल्या पुरुषाला चिकटला. १६७६ च्या ‘द मॅन ऑफ मोड’ या नाटकातील, पॅरिसहून नुकताच आलेला सर फॉपलिंग फ्लटर हा त्याचा ठळक नमुना होय.

प्रतिसाद २
मॅकरोनी हा शब्द मात्र एका लहानशा काळाशी बांधलेला आहे. १७६० आणि १७७० च्या दशकांत इटलीचा प्रवास करून आलेले श्रीमंत इंग्रज तरुण प्रचंड उंच केशरचना, तिच्यावर इवलीशी टोपी आणि अंगाला घट्ट बसणारे कोट मिरवू लागले, तेव्हा लंडनच्या व्यंगचित्रकारांनी त्यांना अक्षरशः धारेवर धरले.

प्रतिसाद ३
डँडीला या रांगेत बसवणे मला अन्यायाचे वाटते. ब्यू ब्रमेल हा या पंथाचा अग्रणी, आणि त्याचा आग्रह होता तो गडद रंगाच्या, उत्तम बेतलेल्या कोटाचा, शुभ्र गळपट्ट्याचा आणि काटेकोर स्वच्छतेचा. भडकपणा त्याला मुळीच खपत नसे. आत्मप्रौढी त्याच्यातही होती, पण ती संयमातून प्रकट होई. कर्जापायी १८१६ मध्ये त्याला फ्रान्सला पळून जावे लागले. त्यानंतर लवकरच व्यंगचित्रांत कमरेला कॉर्सेट आवळलेले आणि गालांपर्यंत कॉलर चढवलेले डँडी दिसू लागले. शब्दकोशातला अर्थ या अनुकरण करणाऱ्यांना लागू पडतो, ब्रमेलला नव्हे.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. पॉपिंजे तेवढा राहिला.

प्रतिसाद १
पॉपिंजे म्हणजे पूर्वी पोपट. म्हणून रंगीबेरंगी थाटाला वायफळ बडबडीची जोड असेल, तिथेच तो शब्द शोभतो.