21 दिवसांत सवय लागते म्हणे! कुणाला लागलीय?

आळसोबा:
शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. ऑफिसच्या ग्रुपवर 21 दिवसांचं चॅलेंज चालू होतं त्यात नाव दिलं आणि रोज सहाला उठून पर्वती. 103 पायऱ्या, पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर बसकण मारायचो, तिसऱ्यात न थांबता वर. 21 दिवस पूर्ण, टाळ्या बिळ्या झाल्या, आणि 22व्या दिवशी अलार्म बंद करून जो झोपलो तो आजतागायत, दोन महिने झाले. थोतांड आहे हा आकडा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी 1960 मध्ये लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. म्हणजे गोष्ट नाकाची, लोकांनी चिकटवली वॉकला आणि डाएटला, वर तो 'किमान' गिळून टाकला.

गूळपोळी:
आकड्याला कशाला शिव्या? आकडा नसता तर चौथ्या दिवशीच पांघरूण ओढलं असतंत. 22व्या दिवशी काय करायचं हे तुम्ही ठरवलंच नव्हतं, गडबड तिथे आहे. चॅलेंज जिंकायचं होतं, ते जिंकलात. शुगर राहिली बाजूला.

खडूस मास्तर:
लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा 2009 चा अभ्यास आहे, 96 लोक, प्रत्येकाने एक नवी सवय धरायची. अंगवळणी पडायला मध्यम आकडा 66 दिवस, पण कुणाला 18 तर कुणाला 254. सकाळी ग्लासभर पाणी लवकर जमतं, व्यायामाला जास्त वेळ लागतो. मधला एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्यातच आलंय.

आळसोबा:
तो अभ्यास 12 आठवड्यांचाच होता ना? म्हणजे 84 दिवस. मग 254 कुठून आणले?

खडूस मास्तर:
आलेख पुढे वाढवून काढलेत. बरोबर पकडलंत. पण म्हणून 21 खरा होत नाही.

नाना सांगलीकर:
तुमचे आलेख राहू द्या. आमच्या वडिलांनी पंढरपुरात माळ घातली, त्या दिवसापासून मटण बंद, घोट बंद. 66 नाही न 21 नाही, एका दिवसात. सगळं गाव बघतंय म्हटल्यावर माणूस घसरत नाय.

मिसळ विदाउट तर्री:
नाना, ती सवय नाही, लाज आहे. आमच्या एका काकांनी पण घातलेली, आखाडात माळ खुंटीला आणि काका ढाब्याला.

नाना सांगलीकर:
लाजेनं का होईना, वडिलांची दारू सुटली ती सुटलीच. आईला विचारा लाज वाईट का चांगली.

चाकणची नाइट:
पहाटे उठा, रोज ठरलेल्या वेळी करा, हे सांगणाऱ्यांनी कधी फिरती शिफ्ट केलीय का? आमची दर आठवड्याला बदलते, त्यामुळे मी घड्याळाचा नादच सोडला. डबा खाल्ला की कँटीनच्या मागे दहा फेऱ्या, मग तो डबा दुपारी एकला असो नाहीतर रात्री दोनला. डबा तर चुकत नाही ना. आठ महिने झाले, आता सुट्टीच्या दिवशी घरी जेवलो तरी पाय आपोआप चपलेत जातात, बायको हसते.

गूळपोळी:
हे बेस्ट! आळसोबा, तुमचं रोज न चुकता काय होतं सांगा बरं.

आळसोबा:
संध्याकाळी सहाला ऑफिस सुटतं आणि बस बदलायला स्वारगेटला उतरतो. तिथून पर्वती कितीशी लांब म्हणा.

मिसळ विदाउट तर्री:
लांब नाही, पण वाटेत सारसबागेची भेळ लागते. तिचीच सवय लागेल.

आळसोबा:
मग जाताना की येताना खाल्लेली बरी?