संस्थेच्या समता-कामाची दिशा बस्तीनं ठरवावी का? इंदूरकरांनो, बोला

पाटनीपुरा_पूर्व

आमच्या संस्थेत (नाव मुद्दाम देत नाही, जुनी आहे, कार्यकारिणीत आपलीच मराठी मंडळी जास्त) पुढच्या सभेत एक ठराव येतोय. मुलींचं शिक्षण, किशोरींचं आरोग्य, जातीचे दाखले काढून देणं, असं जे काम आम्ही 'समता कार्यक्रम' म्हणून करतो, त्याला बस्त्यांतल्या लोकांची मार्गदर्शक समिती नेमायची. ठरावाला सगळेच अनुकूल आहेत आणि मला नेमकं तेच खटकतंय. मसुद्यात समितीनं 'सूचना कराव्यात' एवढंच आहे. पैसा कशावर, कोणती बस्ती आधी, कुठला उपक्रम बंद, यातलं काहीच तिच्या हातात नाही. एवढं निरुपद्रवी असल्यावर विरोध कोण करणार?

शाळा व्यवस्थापन समित्या आठवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर याहून चांगलं काय हवं? मी पाहिलेल्या शाळांत मात्र रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होऊन परत येतं.

म्हणून माझं म्हणणं: समितीला नकाराधिकार द्या. तिनं नको म्हटलेलं काम त्या बस्तीत सुरू होणार नाही, आणि कार्यक्रमाच्या रकमेतला एक ठरलेला हिस्सा ती म्हणेल तसाच खर्च होईल. हे झेपत नसेल तर नेमूच नका.

राजवाडा_रिटर्न

भिया, सरकारी दवाखान्यांच्या कारभारात लोकांना घेणाऱ्या रोगी कल्याण समित्यांची सुरुवात नव्वदच्या दशकात आपल्या इंदूरच्या सरकारी एम.वाय. हॉस्पिटलातूनच झाली आणि मग त्या देशभर पोचल्या. आता तशा समित्यांत रोगी शोधून दाखव.

जमाखर्च_रामबाग

बरीच वर्षं संस्थांचे हिशेब सांभाळलेत, म्हणून कडू बोलतो. मध्य प्रदेशच्या १९७३च्या सोसायटी कायद्याखाली आपण नोंदलेले. रजिस्ट्रारकडे नावं कार्यकारिणीची आहेत. उद्या आक्षेप निघाला तर उत्तर द्यायला कोषाध्यक्ष जाणार, मार्गदर्शक समितीला कोणी बोलावणार नाही. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था फार दिवस चालत नाही.

शिवाय पैसा आपला नाही. कंपनी सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतले, पैसे देते तेव्हा करारात कामाची बाब आधीच लिहिलेली असते. 'एक हिस्सा बस्ती ठरवेल' हे त्या करारात कुठे बसवणार?

आणि लोकांना विचारलं की दूरचं दिसतंच असं नाही. आपल्या शहराची स्लम नेटवर्किंग ही झोपडवस्ती सुधारणेची योजना बघा. १८३ वस्त्या. त्यातला विचार असा की वस्त्या नाल्या-नदीकाठी असतात, तेव्हा मलवाहिन्या तिथूनच न्या, म्हणजे वस्तीबरोबर शहराचंही जाळं तयार होतं. १९९८ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला त्याला. मोहल्ल्याच्या बैठकीत लोक आपल्या गल्लीची नाली मागतात, शहराचं जाळं कोणी मागत नाही. त्याला जाणकार लागतो.

नळावरची_चर्चा

काका, पुरस्कारानंतरचं पण सांगा की. बऱ्याच ठिकाणी वाहिन्या तुंबल्या, अशी टीका अभ्यासकांनी पुढे केलीच. पाणी टाकल्याशिवाय मैला वाहत नाही. नर्मदेचं पाणी ज्या घरात एक दिवसाआड, तेही मोजून भरलेलं, त्या घरातली बाई संडासात किती बादल्या ओतेल, हे तिला विचारलं असतं तर तिनं उभ्या उभ्या सांगितलं असतं. जाळं आखायला इंजिनियर हवाच, कोण नाही म्हणतंय? ते चालेल का, हे वापरणारीला आधी विचारा.

टेकडीखालची

मी बस्तीतच वाढले, आता एका संस्थेत कार्यकर्ती आहे. तुमच्या दोघांच्या बोलण्यात 'बस्ती' म्हणजे एक माणूस असल्यासारखं वाटतं. आमच्याकडे समिती नेमा म्हटलं की कोण येतं? रहवासी संघाचा अध्यक्ष, पार्षदाचा (नगरसेवकाचा) माणूस आणि ज्याच्या ओट्यावर मीटिंग होते तो. चार घरची झाडू-पोछा करणारी दुपारी तीनला येऊच शकत नाही. आली तर एका घराचा पगार कापला जातो. त्याची भरपाई मसुद्यात आहे का?

आणि नकाराधिकार द्याच म्हणता, तर ऐका. किशोरींशी पाळी, लग्नाचं वय, फोन यावर बोलायचं होतं. बस्तीतल्या मोठ्यांनी चक्क नको म्हटलं. 'मुली बिघडतील.' तुमच्या नियमाप्रमाणे ते काम तिथेच संपलं असतं. आम्ही आयांना एकेक भेटून, शिवणाच्या वर्गात, चालू ठेवलं. समतेचं काम बस्तीतल्याच कुणाच्या तरी विरोधात जातं. ज्याच्या विरोधात जातं त्याच्याच हातात ब्रेक देणार का?

जमाखर्च_रामबाग

हेच म्हणत होतो. जोतीरावांनी १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढताना गावाची मार्गदर्शक समिती नेमली असती, तर शाळा उघडली असती का?

पाटनीपुरा_पूर्व

काका, दाखला जोरदार, पण तुम्हालाच उलटा पडतो. शेण फेकणारं पुणं म्हणजे त्या शाळेचा समाज नव्हे. लहुजी साळव्यांसारखी माणसं फुल्यांच्या पाठीशी होती. आणि त्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी, १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी 'ज्ञानोदया'त निबंध लिहिते. ज्यांच्यासाठी शाळा, त्यातलीच ती एक, आणि धर्मापासून सत्तेपर्यंत सगळ्यांना जाब विचारते. मार्गदर्शन म्हणायचं तर ते हे.

ताईंचा मुद्दा मात्र मला पटला आणि मसुदा त्यानं बदलायला हवा. समिती बस्तीची नको, कामाची हवी. किशोरींच्या कामाला किशोरी आणि त्यांच्या आया, दाखल्यांच्या कामाला ज्यांचे अर्ज अडकलेत ते. नकाराधिकार त्यांनाच. ओट्याच्या मालकाला नाही.

टेकडीखालची

हे बरं. तरी सोळा वर्षांच्या मुलीनं समितीत 'हो' म्हटलं म्हणून घरी मार खाल्ला, तर संस्था कुठे असेल? नावं उघडी ठेवणार की नाही, हे पण लिहा. आणि इतिवृत्त हिंदीत, मोठ्यानं वाचून दाखवून. आमच्याकडे निमाडी, भिली बोलणारी घरंही आहेत. तुमची सभा मराठीत चालते म्हणून सांगते.

सुदामानगर_४२०

म्हणजे आता प्रत्येक कामाला वेगळी समिती, प्रत्येक समितीला चहा-पोहे. काम कधी करणार?

नळावरची_चर्चा

पोह्यांवरच अडलं असेल तर सेव आम्ही आणतो. इथली हुकुमचंद मिल, कापडगिरणी, १९९१ला बंद झाली. कामगारांनी कोर्टात लढून २०२३च्या डिसेंबरात २२४ कोटींची थकबाकी मिळवली. परदेशीपुरा-नंदानगरसारख्या गिरणी कामगारांच्या मोहल्ल्यांतल्या लोकांना ठराव, तारखा, हिशेब कळत नाहीत असं कुणी समजू नये.

जमाखर्च_रामबाग

ते मान्य. पण ते स्वतःच्या हक्काच्या पैशासाठी लढले. इथे पैसा तिसऱ्याचा आहे. बैठकीला येणाऱ्यांच्या बुडालेल्या रोजीची तरतूद अंदाजपत्रकात मी स्वतः मांडतो, वेळही संध्याकाळची ठेवू. वैयक्तिक देणग्यांतून जमणारी जी रक्कम करारात अडकलेली नाही, तिच्यातला हिस्सा त्यांनी ठरवावा, यालाही हरकत नाही. नकाराधिकाराला मात्र माझं मत सभेत विरोधातच पडेल.

पाटनीपुरा_पूर्व

मग सभेत भेटू, काका. दुरुस्ती लेखी देतोय. ताई, नावं गुप्त ठेवण्याचं कलम तुम्ही लिहून पाठवाल का? मला त्याची भाषा जमणार नाही.