नवा गाइड डॉग, जुना हात: ओढ हलकी, पद्धत वेगळी

डावाहात: मला दिसत नाही, गाइड डॉग (अंधाला वाट दाखवणारा कुत्रा) घेऊन चालतो. आधीचा लॅब्रडॉर आठ वर्षं, दणकून ओढणारा. आता गाइड डॉग तयार करणाऱ्या दुसऱ्या शाळेची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री आहे, ओढ अगदी हलकी. तिच्या अंगावरच्या पट्ट्याचं हँडल मी धरतो, त्यातून काही कळतच नाही. कर्बच्या (फुटपाथच्या कडेच्या) दोन पावलं आधी थांबते आणि नाक सारखं खाऊच्या बटव्याकडे. जुन्या पद्धतीत खाऊ नव्हता. शाबासकी आणि लीशचा झटका, बस्स. तो झटका हिला द्यायचा का?

पायवाट: झटका नको. हिला खाऊवर शिकवलंय. झटक्याने ती बिचकेल आणि आणखी मंदावेल.

आधी हँडल बघा. जोर लागत नाही म्हटल्यावर आपण नकळत मूठ आवळतो, कोपर मागे जातं. तिला तो ‘हळू’चा इशारा वाटतो. ती रेंगाळते, मग आपण ‘हॉप अप’ (चल, वेग घे) म्हणतो. म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदमच! हँडल बोटांच्या आकड्यात नुसतं अडकवा, खांदा सैल, कोपर अंगालगत. ओळखीच्या सरळ रस्त्यावर दहा मिनिटं, वळण न घेता चाला. ती बाजूला सरकली की हँडल सरकतं, मान वळली की किंचित पिळतं, पायरी उतरली की खाली जातं. घट्ट मुठीत हे काही पोचत नाही.

आणि हो, सीइंग आय या शाळेत ‘हप अप’, गाइड डॉग्स फॉर द ब्लाइंड या शाळेत ‘हॉप अप’. असे शब्द शाळेगणिक बदलतात. तिच्या शाळेचेच वापरा.

कर्बवाला: दोन पावलं आधी थांबते, कारण तिथेच खाऊचा दाणा मिळतोय. थांबली की पायाने चाचपा. कड लागली नाही तर खाऊ नाही, पुढे घ्या. बुटाचं टोक कडेला लागलं की लगेच ‘येस’ (बरोबर केलंस, ही तिला खूण) आणि दाणा. तो तुमच्या डाव्या मांडीजवळ, तिचं तोंड समोर असतानाच द्या. तुमच्या पोटासमोर हात आणलात तर ती आडवी उभी राहते, तुमची दिशा चुकते आणि रस्ता तिरका ओलांडला जातो. बटव्याकडचं नाकही यानेच सुटेल: नाक तिकडे असताना एकही दाणा नाही.

याउलट कड ओलांडून खाली उतरली तर जागेवर थांबा, मागे या, पण लगेच खाऊ देऊ नका. नाहीतर ‘उतरायचं, मागे यायचं, खायचं’ अशी साखळीच ती शिकते. चार-पाच पावलं मागे जाऊन पुन्हा या, नीट थांबली तरच द्या. दाणे दिवसाच्या मापातलेच, वरचे नाहीत. गोल्डन चटकन सुटतात.

पायवाट: एक राहिलं. चालताना फोनवर ‘येस, येस’ करू नका. दाण्याशिवायचा प्रत्येक ‘येस’ त्या शब्दाची किंमत घालवतो. ‘हो’ म्हणा.

डावाहात: मग ‘येस’ऐवजी ‘शाब्बास’ चालेल?

कर्बवाला: कौतुकाला खुशाल म्हणा. खुणेला नको, लांब पडतो. ‘शाब्बास’ म्हणून होईतो ती बरोबर जागेवरून हललेली असते आणि दाणा भलत्याच गोष्टीचा मिळतो.