टेक्स्ट कॉलममध्ये सगळ्यात जास्त येणारे शब्द कसे काढायचे? (पोस्टग्रेस डेटाबेस)

टेबलवाला:
पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचं टेबल आहे, दीड-दोन लाख रो, 'तपशील' नावाचा टेक्स्ट कॉलम, लोकांनी मराठीत लिहिलंय मधेमधे इंग्रजी. साहेबांना हवंय कोणते शब्द जास्त येतात. स्पेसवर स्प्लिट करून ग्रुप बाय केलं तर वर 'आहे', 'आणि', 'नाही' हेच येतंय, शिवाय 'पाणी' आणि पुढे पूर्णविराम चिकटलेलं 'पाणी' वेगळे मोजले जातायत. पायथनकडे जाऊ का?

क्वेरीकर:
गरज नाही, डेटाबेसमध्येच होतं. टीएस स्टॅट फंक्शन बघा (मधे अंडरस्कोर), त्याला स्ट्रिंग म्हणून एक सिलेक्ट द्यायचा जो टू टीएसव्हेक्टरचा (मजकुराचे सुटे शब्द करणारं फंक्शन) कॉलम देतो. परत तीन कॉलम येतात, वर्ड, एनडॉक आणि एनएन्ट्री. एनडॉक म्हणजे किती रोमध्ये शब्द आला, एनएन्ट्री म्हणजे एकूण किती वेळा. सॉर्ट एनडॉकवर करा, वैतागलेला माणूस एकाच तक्रारीत दहादा 'पाणी' लिहितो. टू टीएसव्हेक्टरचं कॉन्फिगरेशन 'सिंपल' ठेवा (शब्द मूळ रूपात न आणता तसेच ठेवतं), पूर्णविराम-स्वल्पविराम आपोआप गळतात.

शब्दवेडी:
हे बरोबर पण मराठीत खरं काम पुढे आहे. नळ, नळाला, नळाचं हे तीन वेगळे शब्द मोजले जाणार, पाणी आणि पाण्याचं पण. वरच्या तीन-चारशे शब्दांचं हाताने मॅपिंग टेबल करा, शब्द आणि मूळ शब्द, आणि जॉइन करा, मात्र बेरीज एनएन्ट्रीचीच करा कारण एनडॉकची केली तर एकच तक्रार दोनदा धरली जाईल. 'दुसऱ्या' मधला ऱ्या पण तपासा, कोणी ऱ ला हलंत देऊन टाइप करतं, कोणी साध्या र ला हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), दिसायला सेम पण डेटाबेसला दोन शब्द, आधी रिप्लेस करून एकच रूप करा.
आणि प्लीज, 'नाही' स्टॉपवर्डमध्ये (मोजणीतून वगळायचे शब्द) टाकू नका! तक्रारींमध्ये तोच कामाचा शब्द आहे.

टेबलवाला:
टीएस स्टॅट चाललं, मस्त. पण 'नाही' एकटा बघून काय नाही ते कळत नाही ना, आधीचा शब्द पण हवा.

क्वेरीकर:
मग जोड्या काढा. रेगएक्स्प स्प्लिट टू टेबल, सोबत विथ ऑर्डिनॅलिटी म्हणजे शब्दाचा क्रमांक मिळतो, त्यावर लीड विंडो फंक्शन (पुढच्या रोमधला शब्द देतं), पार्टिशन म्हणजे गट तक्रारीच्या आयडीवर, नाहीतर एका तक्रारीचा शेवटचा शब्द दुसरीच्या पहिल्याला जोडला जाईल. स्प्लिट करताना स्पेससोबत विरामचिन्हं पण पॅटर्नमध्ये घ्या.