अनुभव धागा : कोल्हापूरहून आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धेला गेलेल्यांनो, लिहा

दिवाळीच्या आगेमागे झोनल, म्हणजे कॉलेजांच्या विभागवार स्पर्धा होतात, पाठोपाठ विभागांमधल्या इंटरझोनल, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतून शिवाजी विद्यापीठाचा मैदानी संघ ठरतो. मग कॅम्प आणि त्यानंतर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. आपल्या कोल्हापुरात तालमीतला पैलवान आणि पेठेतला फुटबॉलवाला यांना अख्खं गाव ओळखतं. ८०० मीटर पळणारी पोरगी देशपातळीवर जाऊन आली तरी गल्लीला पत्ता नसतो. पत्ता लागलाच तर लोक एकच विचारतात, "मेडल आलं काय?" नाही म्हटलं की विषय संपला.

मला विषय तिथून पुढं हवाय. हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीतच बाहेर पडलेल्यांनी तर आवर्जून लिहा. पहिल्यांदा जाणाऱ्या पोरांना सगळ्यात जास्त उपयोग तुमच्या सांगण्याचा होणार आहे. नाव, कॉलेज नको. प्रकार आणि गाव लिहिलं तरी पुरे.

सुरुवात मीच करते. माझी शर्यत ४०० मीटर. आमचं ग्राउंड मातीचं, लेन फक्कीच्या. सिंथेटिकवर, म्हणजे रबरी ट्रॅकवर, पूर्ण ताकदीनं पहिल्यांदा पळाले ती थेट अखिल भारतीयलाच. सिंथेटिक पाय उचलून देतो. पहिले २०० मीटर इतके हलके जातात की आज आपण वेगळंच पळतोय असं वाटतं, आणि शेवटच्या १०० मीटरला ते सगळं वसूल होतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरवेना. म्हणून सांगते, निवड झाली की आठवड्यातून दोनदा तरी सिंथेटिकवर पळायला मिळेल अशी सोय लावा, त्यासाठी सरांच्या मागं लागा. स्पाइकचे खिळेही बदला. सिंथेटिकवर ९ मिलिमीटरच्या वर चालत नाहीत, उंच उडी आणि भाल्याला १२ पर्यंत. शर्यतीआधी हजेरी घेतात त्या कॉल रूममध्ये बूट उलटा करून बघतात.

५००० मीटर, शिरोळ तालुका

ऑगस्ट २०१९ चा पूर कुणी विसरलेलं नाही. आमच्याकडं कृष्णा आणि पंचगंगा, दोन्हीकडनं पाणी आलं. वडील जनावरं घेऊन छावणीत, आम्ही बाकीचे पाहुण्यांकडं. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, त्यामुळं कोल्हापूर गाठायचं म्हटलं तरी वाट नव्हती. पाणी उतरल्यावर आमच्या ग्राउंडवर नुसता गाळ. तो वाळला तर एवढ्या भेगा पडल्या की पाय मुरगळायचीच भीती.

सरांनी निरोप धाडला की मावशीकडं राजेंद्रनगरात येऊन राहा. विद्यापीठाचा परिसर उंचावर आहे, तिथं पुराचं पाणी पोचत नाही. रोज पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळायचो आणि रविवारी केर्लीपासून जोतिबाचा चढ. चढावर घड्याळ बघायचं नाही असा सरांचा नियम होता. वर पोचलो की दर्शन, आणि उतरताना चालत यायचं, गुडघ्यांसाठी.

जानेवारी २०२० ला स्पर्धा मंगळूरजवळच्या मूडबिद्रीला होती. मंगळूर विद्यापीठाचा दबदबा सगळ्यांना माहीत आहे, त्यात त्यांचं हे घरचं मैदान. समोर बसलेले लोक त्यांच्या पोरांना नावानं हाका मारत होते. हवा दमट, वॉर्मअपमध्येच बनियन भिजलं आणि शेवटपर्यंत वाळलं नाही. मी पहिले तीन किलोमीटर पुढच्या घोळक्यात टिकलो. मग पुढच्यांनी खेळ सुरू केला. एक लॅप ७२ सेकंदांचा, पुढचा ६६ चा, परत ७२. मी एकसारखं पळायला शिकलेलो. मधेच वेग तोडायचा, परत धरायचा, हे अंगात नव्हतं. तिथंच घोळका सुटला. तरी त्या दिवशी लागलेलं टायमिंग माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं.

लांब पल्ला पळणाऱ्यांनी हे आत्ताच सरावात घ्या. आठवड्यात एकदा तरी ४००-४०० चे तुकडे वेगवेगळ्या वेगानं मारा, मधे थांबायचं नाही.

घरी आलो तेव्हा आज्जी आल्यागेल्याला भिंतीवरची पुराची खूण दाखवून सांगत होती, "एवढ्या पाण्यातनं गेलंय पोरगं."

४ × १०० रिले, तिसरा लेग, जयसिंगपूर

मागून बॅटन घेऊन येणारी खुणेवर आली की आपण सुटायचं. मातीवर आम्ही त्या खुणेसाठी टाचेनं रेघ ओढायचो. सिंथेटिकवर खडू नाही, पावडर नाही, फक्त चिकटपट्टी, तीही आपल्याच लेनमध्ये आणि एकच. आमच्याकडं प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी टेप होती. ट्रॅकवरच्या सगळ्या रेषा पांढऱ्याच, त्यामुळं लांबून आमची खूण दिसेचना. शेजारच्या लेनमध्ये केरळची मुलगी होती. तिनं काही न बोलता स्वतःच्या रोलमधली पिवळी पट्टी दातानं फाडली आणि माझ्या हातात दिली. तिच्याच संघाशी आमची हीट होती, हे लक्षात घ्या. तिचं नाव विचारायला वेळ मिळाला नाही, पण त्या मुलीला मी कधी विसरणार नाही.

सिंथेटिकवर मागून येणारी जास्त वेगानं येते, म्हणून सरावातली खूण दोन पावलं मागं घेतली. बॅटन बदलायचा झोन आता ३० मीटरचा असतो, तरी घाबरलेल्या माणसाला तो कमीच पडतो.

अजून एक. हात मागं घे म्हणून इशारा द्यायचा असतो. आठ लेनमध्ये आठ संघ "हँड", "हाथ", "स्टिक" असं एकाच वेळी ओरडतात. कोण कुणाला सांगतंय कळत नाही. आम्ही कॅम्पमध्येच ठरवलं होतं, "चांगभलं!" अख्ख्या स्टेडियममध्ये तो आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं. आमचे तिन्ही बदल नीट झाले. फायनल गाठली, आठ संघांत आठवं आलो. त्या आठव्या नंबरचा मला आजही अभिमान आहे.

गोळाफेकवालीची आई, कागल तालुका (लेकीनं लिहून घेतलंय)

आमच्या पोरीचे दंड भरले तसं गल्लीतल्या बायका बोलायला लागल्या, असली पोरगी कोण करून घेणार. मी म्हटलं, तिचे दंड तिच्या कामाला येतील, तुम्ही नका काळजी करू. घरची म्हस आहे. डेअरीला घालायचं त्यातलं लिटरभर दूध मागं ठेवायला लागले. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग त्याच पहाटे उठून तापवून द्यायला लागल्या.

पहिल्या वर्षी स्पर्धा लांब पंजाबात. थंडी लई, धुकं इतकं की सकाळचे प्रकार उशिरा सुरू केले म्हणे. मी सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि तिच्या बापाचं स्वेटर दिलं. फोन आला, "आई, तिसरी फेक बरी पडली, पण पहिल्या आठात नाही." मला काय कळंना. मग तिनं समजावलं. सगळ्यांना तीन फेकी मिळतात, आणि पहिल्या आठ जणींनाच पुढच्या तीन. मी म्हटलं, बरं, पुढच्या वर्षी सहा टाकून ये.

पुढच्या वर्षी सहा टाकून आली.

भालाफेक, शाहूवाडी

नीरज चोप्रानं २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटरवर सोनं जिंकलं आणि आमच्या झोनलला भाला टाकणारी पोरं एकदम वाढली. चांगलंच झालं. नव्यांसाठी एवढंच: स्वतःचा भाला नेलात तर तो आधी तपासणीला जमा करावा लागतो. मंजूर झाला की मैदानावर कुणीही तो उचलून फेकू शकतो. आपला भाला दुसऱ्याच्या हातात बघून मन खट्टू करून घेऊ नका, आपणही त्यांचा घेऊ शकतो. मी माझी सगळ्यात लांब फेक हरियाणाच्या पोराच्या भाल्यानं केली.

पोल व्हॉल्ट, कोल्हापूर शहर

आमचं दुखणं वेगळंच. पोल साडेचार मीटरचा, त्याचे तुकडे होत नाहीत, घडी होत नाही. तिथल्या आयोजकांचे पोल असतात म्हणावं तर ते आपल्या वजनाचे निघतीलच असं नाही. पोल वजनाप्रमाणे येतो. हलका घेतला तर मोडायची भीती, जड घेतला तर वाकतच नाही आणि उडी मागं फेकते.

म्हणून पोल रेल्वेनं न्यायचा. एका प्रवासात मिरजेला गाडी बदलली, दोघांनी मिळून पोल डब्यात आडवा सरकवला, बाकांखालून. रात्री टीसी आले, म्हणाले हे उतरवा नाहीतर दंड भरा. सरांनी विद्यापीठाचं पत्र दाखवलं, प्रवेशिका दाखवली. अर्धा तास वाद. शेवटी डब्यातल्या एका कानडी आजोबांनी आवाज चढवला, "पोरगा देशासाठी खेळायला चाललाय, माझे पाय त्याच्यावर ठेवून झोपतो, मला त्रास नाही." ते खरंच तसेच झोपले. पोल पोचला.

माझं स्पष्ट मत आहे की याची जबाबदारी खेळाडूच्या डोक्यावर नसावी. तोवर एक करा: आठवडाभर आधी विद्यापीठाचं पत्र घेऊन स्टेशनच्या पार्सल ऑफिसला स्वतः जाऊन बोला, आणि पत्राच्या चार प्रती जवळ ठेवा.

संघ व्यवस्थापक, सध्या निवृत्त

वरचं सगळं वाचून काढलं. पोरांनो, पळण्याचं तुम्ही सांगितलंत, मी कागदांचं सांगतो. पात्रता अर्ज, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाचा प्रवेश, फोटो ओळखपत्र. मूळ प्रती. मोबाइलमधला फोटो दाखवून भागत नाही. जन्मतारखेत किंवा नावात एका अक्षराचा फरक असला तरी तिथल्या टेबलावर अडवतात, आणि दोन हजार किलोमीटरवर बसून दुरुस्ती होत नाही. वयाची वरची अट आता २५ आहे, तीही बघा.

दुसरं, फॉल्स स्टार्ट. २०१० पासून नियम कडक झालाय, पहिल्याच चुकीला बाहेर. आपल्याकडं लाकडी क्लॅपरच्या आवाजावर सराव होतो, तिथं सुटताना पाय टेकवायच्या ब्लॉकच्या मागच्या स्पीकरमधून आवाज कानाशी येतो. कॅम्पमध्ये मी पोरांना मागे उभं राहून वेगवेगळ्या आवाजांवर सुटायला लावायचो. शिट्टी, टाळी, पत्र्याचा डबा. पोरं वैतागायची, पण एकही पोर त्या कारणानं परत आलं नाही.

पैशाबद्दलही लिहितो. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. त्या गावात पोरांना प्रवासभत्त्यासाठी चार-चार महिने थांबायला लागू नये, असं मला मनापासून वाटतं. भत्ता हातात पडेपर्यंत आमच्यातल्या कितीतरी शिक्षकांनी खिशातून तिकिटं काढलीत. नव्या व्यवस्थापकांनी एक करावं: उचल आधी मागावी, लेखी मागावी आणि पोच घ्यावी.

३००० मीटर स्टीपलचेस, गडहिंग्लज

शेजारच्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ ला रिओत या शर्यतीच्या फायनलला पोचली, दहावी आली. मी तेव्हा शाळेत होते, तेव्हाच हा प्रकार ठरवला. २८ वेळा अडथळा, ७ वेळा पाणी. हर्डल पायाला लागला तर पडतो, हा अडथळा हलत नाही, आपणच पडतो. आमच्याकडं सरावाला पाण्याचा खड्डा नव्हता, मी उसाच्या पाटावरनं उड्या मारल्या. त्यानं पाय टाकायची भीती गेली. ओल्या बुटाचं वजन मात्र तिथंच कळलं. मोजे घालू नका, पाणी धरून ठेवतात.

१०० मीटर हर्डल्स, गारगोटी

मी यंदा पहिल्यांदा जाणार आहे. पाळीची तारीख बरोबर स्पर्धेच्या दिवसांत येतेय. मैत्रीण म्हणते गोळी घे. सरांना विचारायची लाज वाटते. कुणी पळालंय का त्या दिवसांत?

४ × १०० रिले, जयसिंगपूर

मी पळालेय, हीट पण आणि फायनल पण. गोळी स्वतःच्या मनानं अजिबात घेऊ नको. आत्ताच डॉक्टरना दाखव, खेळाडू आहेस हे त्यांना सांग. कुठलंही औषध घेतलंस तर त्याचं नाव लिहून ठेव, कारण नाडाची, म्हणजे उत्तेजकांची चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची माणसं चाचणीला येऊ शकतात आणि विचारतात. पहिल्यांदाच घ्यायचं औषध स्पर्धेत नको, कॅम्पच्या आधी घेऊन बघ.

सरांशी बोलवत नसेल तर संघासोबत मॅडम असतातच, त्यांना गाठ. किट हातात आलं की शॉर्ट्सचा रंग बघ, फिकट असेल तर लगेच बदलून माग. वॉर्मअप एरियाजवळ स्वच्छतागृह कुठं आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेव, कॉल रूममध्ये एकदा गेलीस की बाहेर सोडत नाहीत. पहिला हर्डल तिथंही १३ मीटरवरच असतो, तुझी पावलं बदलायची गरज नाही.

यंदा कुठं आहे स्पर्धा? कळलं की लिही. त्या गावात राहून आलेलं कुणीतरी इथं असेलच, पाणी आणि जेवणाचं सांगेल.